किटली आली, बाई न्हाई

शिरोळ तालुका
१८ फेब्रुवारी १९९९

सयाजी,

आशीर्वाद लिहायला हात उचलत न्हाई, म्हणून नुसतं नाव लिहिते.

तुझं पत्र पोचलं. कळंब्याच्या जेलात कैद्यांची पत्रं साहेब लोक वाचून मगच सोडत्यात म्हणं, म्हणून तू कसं गुळात घोळून लिहिलंयस. "आक्का, तू थोरली भन, आईच्या जागी. शालनला समजाव. नवरा-बायकोचं साधं भांडण हुतं असं कोर्टात सांगायला लाव तिला. मला तर त्या दिवसाचं काय बी आठवत न्हाई." आणि खाली बारीक अक्षरात, पाठीवरचे फोड अजून फुटत्यात, उताणं झोपता येत न्हाई.

मग पालथा झोप. आणि आठवत न्हाई म्हणतोस, तर मी आठवण करून देते. माझं पत्र बी साहेब वाचतीलच, तर साहेब, तुमी बी नीट ऐका. हा माझा पाठचा भाऊ हाय. मी ह्याला कडेवर घेऊन वाढवलाय. ह्याच्या तोंडावर जाऊ नका.

कोल्हापुरात पंचक्रोशी सहाय्य निधी म्हणून संस्था हाय. गूळवाले, सराफ, डॉक्टर असली मंडळी तिला देणगी देत्यात आणि त्यातनं गावोगाव केंद्रं चालत्यात. केंद्र म्हणजे काय, तर एक खोली, एक फोन आणि एक बाई. आमच्या गावची ती बाई म्हणजे मी. नवरा गेल्यावर माहेरी आले आणि ह्या कामाला लागले. तीन तालुक्यांत मिळून एक जीप, ती आकाराम चालवतो. मार खाल्लेल्या बाईला उचलायचं, दवाखान्यात न्यायचं, वकील बघून द्यायचा, आसरा लागला तर आसरा द्यायचा. पैसा कोल्हापूरचा, अंग आमचं.

पण मार खाल्लेली बाई केंद्रात येतीय कुठली? तिच्या दाराला भायेरनं कडी असती. पहिल्या वर्षी मी खोलीत बसून माश्या मारल्या. मग डोक्यात आलं, बाई केंद्रात येत न्हाई, पण दूध डेअरीत येतीच. सकाळ-संध्याकाळ. ताप असू दे, बाळंतपण जवळ आलेलं असू दे, म्हशीला सुट्टी नसती. डेअरीच्या खिडकीत चिमणाबाई माप घेती. मी तिला म्हणलं, चिमणे, माप घेताना तोंडं बघत जा. जिची किटली आली न्हाई, तिच्या घरी आमी जाणार. निधीनं डेअरीत फोन बसवून दिला आणि काम सुरू झालं. त्या एका खिडकीनं किती जणींचा जीव वाचवला, ते त्यांच्या नवऱ्यांना इचारा.

हे सगळं तू माझ्याच तोंडून ऐकलंस सयाजी. भाकरी खाताना, तुझ्याच घरात बसून. मी हौसेनं सांगत हुते आणि तू मान हलवत हुतास. तुझ्या डोक्यात काय शिजत हुतं ते त्या वक्ताला कळलं असतं, तर ताटातली भाकरी काढून घेतली असती.

शालननं बायकांच्या बैठकीत तोंड उघडलं, "मला बी हाणत्यात" एवढंच म्हणली. मी तवा कागलला नवं केंद्र उभं करायला गेलते, गावात नव्हते. तुला कुणीतरी जाऊन सांगितलं. तू तिचा डावा हात उंबऱ्यावर ठेवून वर पाय दिलास. मग पायाला म्हशीचं दावं बांधून गोठ्यातल्या खुंट्याला अडकवलीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किटली घेऊन स्वतः डेअरीत गेलास.

किटली आली की चिमणाबाईला वाटलं, बाई बरी हाय. तिनं तुला इचारलं तर तू हसून म्हणलास, "रोज तिनंच का मरायचं? म्हणलं आपुन जावं." बायका तुझ्याकडं बघतच राहिल्या. गावात एक पुरुष बायकोचं ओझं उचलतोय! एकीनं आपल्या नवऱ्याला ते ऐकवलं, दुसरीनं आपल्या ल्योकाला. आणि ते दूध कुणी काढलं हुतं रे भाड्या? तिनंच. एका हातानं. तू जवळ उभा राहून काढून घेत हुतास.

आमची आई त्याच घरात हुती साहेब. आतल्या खोलीत देवापुढं बसून हुती.

मग आला निधीचा मेळावा. कोल्हापूरनं आमचे सचिव गणपतराव आले. माणूस वाईट न्हाई, शिक्षक हुते, पण देणगीदारांना राजी राखता राखता जीव जातो त्यांचा. देणगीदार म्हणत, नुसत्या मारझोडीच्या गोष्टी किती ऐकायच्या, काहीतरी चांगलं बी दाखवा. म्हणून गणपतरावांनी काढलं, प्रत्येक गावातनं एक आदर्श पती निवडायचा आणि त्याचा सत्कार करायचा. आपल्या गावातनं बायकांनी एकमुखानं तुझं नाव दिलं.

मी कागलहून थेट मांडवात आले. तुला फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो काढला. मला बी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी इचारलं, "शालन कुठाय?" तू म्हणलास, "वैरण कोण घालणार? घरी हाय." आणि मागनं चिमणाबाई म्हणली, "अगं माहेरला गेलीय न्हवं? सयाजीनंच परवा सांगितलं की मला."

मी चप्पल घालायला बी थांबले न्हाई.

गोठ्यात ती कशी हुती ते मी लिहीत न्हाई. तुला ठाऊक हाय आणि साहेबांनी जेवायच्या आधी वाचू नये. मी दावं सोडत हुते तर गाठ सुटंना. दातानं सोडवली. तेवढ्यात दारात तू. डोक्याला गुलाबी फेटा, खांद्यावर शाल, हातात सत्काराचा नारळ. "आक्का, बाजूला हो," म्हणलास. मी न्हाई झाले. तू नारळ उचललास आणि माझ्या उजव्या कानावर घातलास. एकदा न्हाई. मी पडल्यावर बी घातलास. नारळाला काय झालं न्हाई, माझं डोकं तेवढं फुटलं. मग वळचणीचा कोयता काढून तू शालनकडं वळलास.

पुढचं शालननं कोर्टात सांगायचं हाय, म्हणून मी थोडक्यात लिहिते. गोठ्यातल्या चुलीवर पेंडीसाठी आधण ठेवलं हुतं. कोयता तिच्या खांद्यात बसला. दुसऱ्या घावाला तू हात उचलून तिच्यावर वाकलास आणि तिनं उजव्या हातानं भगुनं उपडं केलं तुझ्या पाठीवर. तुझं किंचाळणं मांडवापर्यंत गेलं म्हणत्यात. लाऊडस्पीकर चालू असताना.

आता आठवलं?

जबाब बदलणार न्हाई. तिचा न्हाई आणि माझा बी न्हाई.

तुझी आक्का, एका कानाची


१२ डिसेंबर २०००

सयाजी,

सात वर्षांची शिक्षा झाली तुला. निकाल ऐकून आई कोर्टाच्या पायरीवर बसली आणि सगळ्या लोकांत मला म्हणली, "रांडं, सख्ख्या भावाला गिळलंस." तेव्हापासनं ती माझ्याशी बोलत न्हाई. मी दारात भाकरी ठेवून येते, ती कुत्र्याला घालती. बरं, कुत्रं तरी जाडजूड झालंय.

तू लिहितोस, गणपतरावांनी साक्ष दिली ती तुझ्यावर दावा साधायला. अरे, तो माणूस साक्ष देऊन स्वतः बुडाला. फेट्यातला तुझा फोटो आणि तू माझ्या डोक्यात घातलेल्या नारळाची बातमी एकाच पेपरात छापून आली हुती. कोल्हापुरात देणगीदारांनी त्यांना घरी बोलावून झाडलं. एकजण म्हणला, मिटवून टाका, संस्थेचं नाव जातंय. गणपतराव आधी माझ्याकडं तेच बोलायला आले हुते, खरंच सांगते. दवाखान्यात खाटेपाशी उभं राहून म्हणले, "बाई, सामोपचारानं..." मी त्यांना शालनची खाट दाखवली. ते तिच्या खांद्याकडं बघत राहिले, टोपी काढली आणि भायेर जाऊन ओकले. कोर्टात उभं राहून त्यांनी सांगितलं, ह्या माणसाला फेटा मी बांधला, आणि बांधायच्या आधी ह्याच्या बायकोला एकदा बी भेटलो न्हाई.

त्यानंतर आमच्या केंद्राचा पैसा थांबला. फोन तोडायला माणूस आला. तर चिमणाबाई खिडकीतनं म्हणली, "पावणं, वायरला हात लावलासा तर हात इथंच ठेवून जाशीला." आता दर एकादशीचं सकाळचं दूध बायका केंद्राच्या नावावर घालत्यात. त्यांच्या घरात त्यावरनं किती जणींनी मार खाल्ला असंल ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण दूध येतंय. ते बघून कोल्हापूरची काही मंडळी बी परत आली. एका म्हाताऱ्या सराफानं तर जीपला नवे टायर घालून दिले.

आणि डेअरीतली रीत आम्ही बदललीय. आता किटली बघत न्हाई. माणूस बघायचं. नवरा आला, ल्योक आला, सासू आली, तरी बाईनं स्वतः दिवसातनं एकदा खिडकीत तोंड दाखवलं पाह्यजे. न्हाई दाखवलं की आम्ही निघालोच.

शालन कुठाय म्हणून इचारतोस. लेक सोनम शाळेत जाती का म्हणून इचारतोस. जाती. ह्यापेक्षा जास्त मिळणार न्हाई. कागलच्या केंद्राला नवी खिडकी बसवली, हिरवा रंग दिला, तिथं माझं जाणं-येणं हाय, म्हणून पत्राला उशीर झाला.

आक्का


९ ऑगस्ट २००१

सयाजी,

आई गेली तवा तुला पोलिसांनी आणलं, बरं झालं. अग्नी तुझ्याच हातानं मिळावा अशी तिची इच्छा हुती. बेडीतल्या हातानं मडकं धरताना तू रडलास, ते मी बघितलं. मला बी भरून आलं. लहानपणी पाण्याला भिऊन माझ्या पाठीला असाच चिकटायचास.

मग परत जाताना तू पोलिसांना म्हणलास, भनीच्या पाया पडतो. पडलास. उठताना माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी बोललास. लांबलचक बोललास. तुझे ओठ हलत हुते, गळ्याची शीर फुगली हुती.

सयाजी, तू माझ्या उजव्या कानात बोललास. तो कान तूच फोडलायस. मला एक शब्द ऐकू आला न्हाई.

माफी मागत असशील तर पत्रात लिही. दुसरं काय असंल तर ते बी लिही, साहेब वाचतील.

आक्का


३ सप्टेंबर २००१

आता कळलं काय बोलला हुतास.

कृष्णात. तुझा जिगरी दोस्त, ज्याला मी दिवाळीला ओवाळायची. आधी तो कागलला गेला. हिरवी खिडकी शोधत. तिथल्या केंद्रात घुसला, दारं आपटली, एका बाईच्या झिंज्या धरून "शालन कुठाय" म्हणून इचारलं. शालन तिथं नव्हतीच. कागल मी मुद्दाम लिहिलतं. तू पत्रातनं वास काढणार हे मला ठाऊक हुतं. कुत्रं शोधतंय म्हणल्यावर मी हाड उलट्या बाजूला टाकलं, आणि तू धावलास.

मग चिडून तो इकडं आला, दोन माणसं घेऊन. संध्याकाळची डेअरीची वेळ. आकाराम जीप पुसत हुता. त्याला खाली पाडून जॅकच्या दांड्यानं पायाच्या नळीवर घातलं. "बाई कुठं सोडलीस ते सांग." शालनला जिथं पोचवायचं तिथं आकारामनंच पोचवलं हुतं, हे सगळ्या गावाला ठाऊक. दुसरा घाव. नळीचा आवाज मला बी ऐकू आला, डाव्या कानात. आकाराम ओरडला, तुझ्या आईचा, बापाचा उद्धार केला, माझा बी केला. पण गावाचं नाव तोंडातनं काढलं न्हाई.

पुढं काय झालं ते कृष्णातनं तुला सांगितलं न्हाई म्हणे. लाज वाटली असंल. मी सांगते. रांगेत बायका हुत्या, प्रत्येकीच्या हातात भरलेली किटली. पहिली किटली बाळाबाईनं घातली, ती सगळ्यात म्हातारी, जिला तू काठीवाली म्हणून हसायचास. कृष्णातच्या जबड्यावर. मग कुणी थांबलंच न्हाई. दुधानं भरलेली किटली केवढी जड असती ते तुला ठाऊक हाय, तूच वाहिलीयस. झाकणं उडाली, दूध सांडलं, त्यात रगत मिसळलं, पायाखाली नुसता गुलाबी चिखल. कृष्णातचे पुढचे दात चिमणाबाईनं दुसऱ्या दिवशी केरसुणीनं गोळा केले. जीप पेटवायला आणलेलं रॉकेल त्याच्याच अंगावर सांडलं हुतं. एकीनं काडी काढली. मी तिचा हात धरला.

धरायचा नव्हता असं अजून वाटतंय कधी कधी.

ती दोन माणसं उसातनं पळाली. कृष्णातला पोलिसांनी आमच्या हातातनं सोडवून नेला. गणपतराव कोल्हापूरनं धावत आले, आकारामला कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत त्याला म्हणले, "तुला मी दुसरं हलकं काम देतो." आकाराम म्हणला, "जीप मीच चालवणार. एक पाय क्लचला पुरतो."

कागलच्या खोट्यापायी आकारामचा पाय मोडला, हे मी त्याला खाटेपाशी बसून सांगितलं. तो म्हणला, "आक्का, खरं लिहिलं असतंस तर मान मोडली असती. तिची."

आता तुझं एक बी पत्र मी वाचणार न्हाई. पाठवू नगंस.

बाळाबाई, चिमणाबाई आणि सगळ्या जणी सांगायला सांगत्यात की किटल्या सरळ करून घेतल्यात.


२७ मार्च २००३

सोनमचा फोटो मागितलास म्हणून गणपतरावांनी सांगितलं.

न्हाई.


१६ ऑक्टोबर २००५

सयाजी,

हे पत्र तुला सुटायच्या आधी मिळावं म्हणून गणपतराव स्वतः जेलात आणून देणार हायत. त्यांच्याशी नीट बोल. त्यांना आता नीट दिसत न्हाई.

ह्या वर्षीचा महापूर तू पेपरात वाचला असशीलच. कृष्णामाई घरात शिरली. आपल्या घराची मागची भिंत गेली, गोठा सपाट झाला, तो खुंटा बी गेला. बरं झालं गेला. डेअरी छपरापर्यंत पाण्यात हुती. माणसं शाळेच्या माळावर, जनावरं सडकंवर. निधीनं तिथंच छावणी उघडली. कोल्हापूरच्या मंडळींनी पीठ, चादरी, औषधं पाठवली, आकाराम जीप घेऊन पाण्यातनं येरझाऱ्या घालत हुता.

पाणी उतरलं आणि नवीनच संकट. म्हशी हायत, दूध हाय, डेअरी न्हाई. मापं वाहून गेली, यंत्र वाहून गेलं आणि डेअरीचा सेक्रेटरी पुण्याला पोराकडं पळाला. चिमणाबाईचे डोळे म्हातारपणानं गेले. दूध गटारात ओतायची पाळी आली. निधीच्या बैठकीत गणपतराव म्हणले, राधानगरीच्या डोंगरात आपली एक डेअरी हाय, तिथं एक बाई हाय, माप, फॅट, हिशोब सगळं एकटी बघती, तिला थोडे दिवस इकडं आणू या का? माझ्याकडं बघंनात.

आता सांगते. इतकी वर्षं तुला ज्याचा वास लागू दिला न्हाई, ते सांगते. शालन राधानगरीत हुती. तिथल्या पावसात, भाताच्या वासात, अनोळखी माणसांत. सोनम तिथल्याच शाळेत शिकली. आकाराम दर महिन्याला जायचा, मी कधीच गेले न्हाई, कारण माझ्या मागं कुणीतरी येईल.

मी न्हाई म्हणलं. बैठकीतच ओरडले. "सुटायला आलाय तो! तिला वाघाच्या तोंडात घालताय?" गणपतराव म्हणले, तिलाच इचारू. मी म्हणलं, इचारायचं न्हाई. त्यांनी इचारलं.

शालन एका पिशवीनिशी जीपमधनं उतरली. मी तिला मिठी मारली आणि लगेच शिव्या घातल्या. "काय डोकं फिरलंय का तुझं? जा परत!" ती म्हणली, "आक्का, सात वर्षं मी लपलेय. गुन्हा मी केलता का? तो सुटणार आणि मी अजून डोंगरातच?" मी म्हणलं, "तो मारील तुला." ती म्हणली, "मारंल. पण आता किटली आली म्हणून कुणी फसणार न्हाई न्हवं?"

मी तिची पिशवी उचलली.

ती खिडकीत बसली आणि दुसऱ्या दिवसापासनं डेअरी सुरू झाली. थोडे दिवस म्हणून आलती, आता बायकांनी सभा घेऊन तिलाच सेक्रेटरी केलीय. पुरुष बी गप हायत, कारण पैसे वेळेवर मिळत्यात.

तर तुझी व्यवस्था सांगते.

तुरुंगातनं सुटलेल्या माणसाला निधी दोन महिने शिधा देती आणि काम बघून देती. तुला बी देणार. मी निधीची माणूस हाय, भावाला नियम वेगळा न्हाई, जास्त बी न्हाई आणि कमी बी न्हाई. घराला पत्रा घातलाय. आईच्या म्हशीची रेडी मी वाढवली, ती पुरात पवत आली, आता दुभती हाय. ती तुझी. दारू पिऊन आलास तर ती लाथ मारती, माझ्यासारखीच हाय.

दूध घालायला गावात एकच जागा हाय. सकाळ-संध्याकाळ तुला रांगेत उभं राहावं लागंल, बायकांच्या मधी. आणि रीत तुला ठाऊक हाय. किटली न्हाई, माणूस बघायचं. आता ही रीत तुझ्यासाठी बी लागू झालीय. तू एक वेळ खिडकीत दिसला न्हाईस, की आम्ही तुझ्या घरी येणार. पडलायस, आजारी हायस, का कोयत्याला धार लावत बसलायस, ते बघायला. सगळ्या येणार. भरल्या किटल्या घेऊन.

बाळाबाईला अजून काठीवाली म्हणू नगंस. काठी तिनं सोडली, किटली धरलीय.

सोनम आता बारा वर्षांची हाय. परवा मला म्हणली, "आत्ती, ते आले तर मी काय म्हणू त्यांना?" मी म्हणलं, काय बी म्हणू नगंस, तुला बोलावंसं वाटलं तर बोल. ती म्हणली, "मला त्यांची पाठ बघायचीय." आईनं जीव वाचवताना काय केलं ते तिला बघायचं हाय. दाखव तिला. सदरा काढून दाखव. तेवढं तरी तू तिला देऊ शकतोस.

आणि शालनला मी स्पष्ट इचारलं, तो खिडकीपुढं आला तर काय करशील? ती मापं धुवत हुती. हात न थांबवता म्हणली, "दुधात पाणी असलं तर परत पाठवीन. नसलं तर घेईन."

ऐकलंस? ह्यापेक्षा जास्त न्याय तुला कुणी देणार न्हाई, मी बी न्हाई.

मी तुला ओळखते सयाजी. तू येशील. मान खाली घालून येशील, तिच्या तोंडाकडं बघायची तुझी छाती हुणार न्हाई. पण मान खाली घातलीस तरी खिडकीच्या फळीवर तिचा डावा हात दिसंल. तो वाकडा बसलाय, मनगटापासनं भायेरच्या बाजूला. माप ती त्याच हातानं धरती. रोज दोन वेळा तुला तो हात बघावा लागंल, आणि तुझं दूध त्या हातात द्यावं लागंल.

कोयता मी घरात ठेवला न्हाई. किटली नवी घेतलीय, दारामागं टांगलीय. घासून आण.

आक्का